पक्कं करायचं राहिलं

इर्मेली कौहानेनला जागा वाया गेलेली सहन होत नाही. फ्रीजमध्ये अर्ध्या भरलेल्या दोन वाट्या दिसल्या की ती एकीतलं दुसरीत ओतणार आणि रिकामी धुऊन पालथी घालणार. कुणाचंही कपाट उघडलं की तिचा पहिला प्रश्न, "हे कशाला ठेवलंय?" तिच्या नवऱ्यानं घटस्फोट घेतला तेव्हा फिनलंडमधल्या आमच्या कुओपिओ शहरात लोक म्हणाले, बिचाऱ्याला वाटलं असेल, पुढचा नंबर आपलाच. तिच्या तोंडावर हे म्हणायची कुणाची छाती नव्हती. तरी ते तिच्या कानावर गेलंच, आणि ती चक्क हसली होती.

कामही तिला साजेसंच मिळालं. एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मनगटावर एक बटण असतं. पडलात, छातीत दुखलं, की दाबायचं. दाबलं की सेवाकेंद्राच्या डेटाबेसमध्ये नोंद होते, मनगटावर हिरवा दिवा लागतो, केंद्रात बसलेल्या बाईच्या पडद्यावर नाव आणि पत्ता उमटतो आणि मदतनीस निघतो. हा डेटाबेस इर्मेली सांभाळायची. कुठल्या डिस्कवर किती जागा उरली, काय फुगतंय, काय आवरायचं, हे सगळं तिच्याकडे. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी दरडावायची, "बदल केलास की कमिट कर. कमिट म्हटल्याशिवाय डेटाबेस तुझं काही खरं धरत नाही. तुझ्या पडद्यावर बदललेलं दिसेल, हुरळून जाऊ नकोस. दुसऱ्याच्या पडद्यावर काय दिसतं ते विचार." लोक तिच्या पाठीमागे तिची हुबेहूब नक्कल करायचे.

तिचा बाप विल्यो हासुद्धा या सेवेतला एक म्हातारा. तळ्यावर लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या बोटीवर त्याचा जन्म गेला. एका बाजूचा गुडघा कामातून गेलेला, कान अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत. इर्मेलीनं त्याच्यासाठी माणूस कुठं आहे ते आपोआप कळवणारा नवा पट्टा आणला होता. म्हाताऱ्यानं तो टेबलावर आपटला.

"मी काय शिकारी कुत्रा आहे का गं? उद्या म्हणशील, सशामागे पळ."

"बाबा, त्यात बिघडलं काय? कुठं पडलास तर लगेच कळेल."

"मी कुठं आहे ते मला कळतंय. तेवढं पुरे."

आमच्याकडे शिकारीला नेतात त्या कुत्र्यांच्या गळ्यात असेच पट्टे असतात. दोन वर्षं तिनं विनवण्या केल्या. शेवटी त्यानं साधा पट्टा घेतला, नुसतं बटण आणि दिवा असलेला. डेटाबेसमध्ये जो पत्ता लिहिलेला असेल, तिथंच मदत जाणार.

यंदा युहान्नुसच्या, भर उन्हाळ्यातल्या सणाला म्हातारा हट्टाला पेटला. सण तळ्याकाठच्या उन्हाळी घरीच करायचा, म्हणाला, आणि सौना, ती वाफेच्या अंघोळीची खोली, स्वतः तापवायचा. इर्मेलीची नेमकी सणाच्या शुक्रवारी ड्यूटी. "मी शनिवारी सकाळी येते, तोवर शहरातल्या फ्लॅटवर थांब," तिनं सांगून पाहिलं.

"शुक्रवारचा सौना शनिवारी घेऊ? तुझ्या आईनं ऐकलं असतं तर चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं."

त्यानं शेजाऱ्याच्या गाडीतून बुधवारीच तळ्याकाठचं वेहमेरसाल्मी गाठलं. जाताना फोनवर एवढंच म्हणाला, "तो पत्ता तेवढा बदल. नाहीतर मी इकडे मरायचो आणि तुझी माणसं तिकडे फ्लॅटची घंटा वाजवत बसायची."

पत्ता बदलणं हे तसं केंद्रातल्या बायकांचं काम. पण रानातल्या त्या वाटेला घरनंबर नाही, आणि बिननंबराचा पत्ता त्यांच्या पडद्यावर बसेना. मग इर्मेली स्वतः थेट डेटाबेसमधल्या तक्त्यात शिरली. टीममधल्या सगळ्यांसाठी एकच सर्व्हर होता, सगळे एकाच नावानं तिथं लॉगिन करायचे. तिनं बापाची ओळ काढली, फ्लॅटचा पत्ता पुसला, तळ्याकाठचा लिहिला. खात्री म्हणून ती ओळ पुन्हा वाचली. पत्ता नवा दिसत होता.

"बदलला बाबा. आत्ता डोळ्यांनी बघितला."

"मग झालं."

तेवढ्यात कँटीनमधून हाक आली. सुट्टीआधीचा शेवटचा स्ट्रॉबेरीचा केक कापत होते, आणि यायला उशीर करणाऱ्याला आमच्याकडे केकखालचा पुठ्ठा मिळतो. इर्मेली कप घेऊन उठली.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात ती एकटीच होती. दारांना बर्चच्या डहाळ्या बांधलेल्या, रस्ते सामसूम, अख्खं शहर तळ्याकाठी पांगलेलं. तिनं डब्यातले नवे बटाटे आणि हेरिंग मासा काढला, पहिला घास घेतला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. लॉगची डिस्क भरत आली होती.

तिला काही विशेष वाटलं नाही. डेटाबेसमध्ये काहीही बदलायचं तर ते आधी लॉगमध्ये लिहिलं जातं. कामं पुरी होत जातात तसतसा जुना लॉग साफ होतो आणि तीच जागा पुन्हा वापरात येते. शुक्रवारी पहाटे साप्ताहिक डागडुजी चालते, तिचा लॉग मोठा असतोच. "आत्ता उतरेल," असं पुटपुटत तिनं बटाटा सोलला. बटाटा खाऊन झाला तरी पडद्यावरचा भरलेल्या जागेचा काटा उतरला नाही. दुसरा सोलताना तो वर सरकला.

तिनं बटाटा खाली ठेवला. लॉग भरत होता, पण साफ होत नव्हता. डिस्क काठोकाठ भरली की डेटाबेस नवी नोंद घेणं थांबवतो. जुनं वाचता येतं, नवं काही लिहिता येत नाही. म्हणजे कुणी बटण दाबलं तर नोंद नाही, नोंद नाही तर दिवा नाही, दिवा नाही तर मदत नाही. आणि आज म्हाताऱ्यांचे शेजारीही गेलेले, सगळ्यांचे सौना तापलेले, पायऱ्या ओल्या.

तिनं साहेबाला फोन लावला. काउको आपल्या अंगणात सॉसेज भाजत होता, फोनमधून चरचर ऐकू येत होती.

"रीस्टार्ट कर," तो म्हणाला. "माझा टीव्हीसुद्धा तसाच ठीक होतो."

"काउको, रीस्टार्ट केला तर उघडायच्या आधी त्याला एवढा सगळा लॉग वाचावा लागेल. तासभर जाईल. तासभर सगळी बटणं मुकी."

"मग ते लॉग उडव ना! लॉगच आहेत."

"उडवते. मग सोमवारी तू नोकरी शोध, मी वकील शोधते."

"अगं, मग करणार काय आहेस?"

"वर्षभर मोठी डिस्क मागतेय, ती दिली असतीस तर आज जेवत असते."

"आता ते उगाळू नकोस," काउको म्हणाला. "काहीतरी कर आणि दहा मिनिटांत सांग. नाहीतर मीच वरच्या माणसाला सांगून रीस्टार्ट करायला लावतो."

फोन ठेवून तिनं डिस्कच्या कोपऱ्यातली एक फाइल शोधली. ती तिनंच तिथं ठेवलेली होती, भलीमोठी आणि आतून पोकळ, कसल्याही उपयोगाची नसलेली. अडचणीच्या दिवशी उडवता यावी म्हणून नुसती जागा अडवून बसलेली. फ्रीजमधली जास्तीची वाटी सहन न होणाऱ्या बाईनं आयुष्यात मुद्दाम वाया घालवलेली एवढी एकच जागा. तिनं ती उडवली. काटा जरा खाली आला आणि तिथूनच पुन्हा वर चढू लागला. थोडा श्वास मिळाला होता, जास्त नाही.

मग तिनं खरा प्रश्न विचारला: लॉग साफ का होत नाही? उत्तर लगेच आलं. कुणीतरी एक काम सुरू करून तसंच उघडं टाकलं होतं. ते काम पक्कं झालेलं नव्हतं की रद्द झालेलं नव्हतं. त्याचा निकाल लागेपर्यंत डेटाबेस त्याच्यानंतरचं काहीच पुसू शकत नव्हता. काम बुधवारपासून उघडं, आणि आलं होतं टीमच्या सर्व्हरवरून, टीमच्या सामायिक नावानं.

इर्मेलीच्या डोक्यात तिडीक गेली. असला गलथानपणा करणारा तिच्या मते एकच माणूस होता, यार्को. तिचा सहकारी, गुणी पण विसरभोळा. एकदा तर ऑफिसचा लॅपटॉप सौनात विसरलेला. त्याचं उन्हाळी घर विल्योच्याच खाडीवर, पलीकडच्या काठाला.

"यार्को, बुधवारी काय उघडं टाकून गेलास?"

"सणाच्या तुलाही शुभेच्छा," यार्को म्हणाला. मागे पाण्यात उड्या मारल्याचे आवाज येत होते.

"थट्टा नकोय. तुझ्यापायी लॉगची डिस्क भरतेय."

"माझ्यापायी? बाई, मी सोमवारपासून रजेवर आहे. तुझ्याच भिंतीवर लिहिलंय, लाल पेननं, तूच लिहिलंयस."

तिनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. लाल पेननं लिहिलेलं होतं.

"त्या सेशननं शेवटी काय चालवलं ते बघ ना," यार्को म्हणाला. "नावावरून काय कळणार? आपण सगळे एकाच नावाचे."

ते तिनं सगळ्यात आधी बघायला हवं होतं. दुसऱ्या कुणी आधी बघितलं नसतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. पण यार्कोवर तिचा एवढा विश्वास, की चूक त्याचीच असणार. तिनं ओळ उघडली.

एकच ओळ होती. एका ग्राहकाचा पत्ता बदला. नवा पत्ता: वेहमेरसाल्मी, तळ्याकडची वाट, शेवटचं लाल घर.

"इर्मेली? आहेस का?"

तिनं कमिट केलंच नव्हतं. केकची हाक आली आणि ती उठून गेली. तिचा कॉम्प्युटर तिनं बंद केला, पण सर्व्हरवरची खिडकी तशीच उघडी राहिली. कामाला लागल्यापासून जे ती दुसऱ्यांच्या डोक्यात घण घालून भरवत आली, ते तिच्याच हातून राहिलं होतं. तिनं बापाला सांगितलं होतं, डोळ्यांनी बघितला. बघितला होताच. आपण केलेला बदल आपल्याला दिसतोच. बाकी सगळ्या जगासाठी विल्यो कौहानेन बुधवारपासून शहरातल्या फ्लॅटवरच राहत होता.

"माझंच आहे," ती म्हणाली. "बाबांचा पत्ता. यार्को, फोन चालू ठेव."

साहेबाचा फोन वाजत होता. तिनं तो घेतला नाही. काउकोनं रीस्टार्ट करवला असता तर ही खिडकी मिटली असती, पत्ता मुकाट्यानं जुन्यावर गेला असता, डिस्क साफ झाली असती आणि तिला काही कळलंही नसतं. डिस्क मोठी असती तरी तेच झालं असतं. ती सर्व्हरवर गेली. खिडकी तिथंच होती, बुधवारी सोडली तशी, खाली चौकोन लुकलुकत. तिनं कमिट लिहिलं, एकेक अक्षर बघत, आणि बटण दाबलं. मग लॉगची प्रत काढायचं काम सुरू केलं, म्हणजे जुना लॉग साफ होईल. काटा थांबला. क्षणभर तिथंच राहिला आणि मग घसरत खाली आला.

डिस्क वाचली होती. इर्मेलीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं केंद्रात फोन लावला. सानेल्मा नावाची बाई त्या दिवशी कॉल घेत होती.

"सानेल्मा, विल्यो कौहानेन. तुझ्या पडद्यावर पत्ता काय दिसतोय? वाचून दाखव."

"तुझे बाबा ना? थांब." टकटक ऐकू आली. "वेहमेरसाल्मी, तळ्याकडची वाट... अगं, हे काय? मघाशी शहरातला होता!"

"मघाशी म्हणजे?"

सानेल्माची टकटक थांबली.

"सानेल्मा, बोल!"

"त्यांचं बटण आलं होतं गं. दीड तास होईल. मोबाइल लावला, उचलला नाही. मी मदतनीस पाठवला. तो फ्लॅटबाहेर उभा आहे, दार उघडत नाहीत म्हणून किल्लीवाल्याची वाट बघतोय. सणामुळे किल्लीवाला मिळेना."

"ॲम्ब्युलन्स वेहमेरसाल्मीला पाठव. आत्ता. शेवटचं लाल घर. मला परत वाचून दाखव." सानेल्मानं वाचून दाखवलं. आवाज रडवेला झाला होता. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता. तिला दिसलं तिथं तिनं माणूस धाडला होता.

दुसऱ्या फोनवर यार्को अजून होता. "ऐकलं मी," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "ॲम्ब्युलन्सला वळसा आहे. मी बोटीनं जातो." आणि पाण्याकडे धावत जाणारी त्याची पावलं ऐकू आली, मग इंजिनाची दोरी ओढल्याचा आवाज, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग इंजिन लागलं.

ती खुर्चीत बसून राहिली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. समोर तिचा डेटाबेस ठणठणीत चालला होता. नोंदी येत होत्या, दिवे लागत होते, डिस्कवर हवी तेवढी जागा होती. तिला त्या पडद्याकडे बघवेना. फोनमधून नुसता इंजिनाचा घरघराट येत होता. आई गेली तेव्हासुद्धा तिनं कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं. आता ती मोठ्यानं म्हणत होती, "असू दे, असू दे, असू दे." काय असू दे, ते तिच्या तोंडून निघत नव्हतं.

इंजिन थांबलं. लाकडी धक्क्यावर पावलं वाजली. यार्कोनं हाक मारली, "विल्यो! ओ विल्यो!" मग बराच वेळ काही नाही.

"इर्मेली." यार्को धापा टाकत होता. "सौनाच्या पायऱ्यांखाली आहे. पाय वाकडा झालाय. गार पडलाय."

"गार म्हणजे काय रे? नीट सांग! गार म्हणजे काय?"

"जिवंत आहे! थंडीनं गारठलाय. मी ब्लँकेट आणतो. शिव्या देतोय, ऐक."

तिनं ऐकलं. म्हातारा क्षीण आवाजात यार्कोला विचारत होता, पायरीवर बूट घालून का आलास. इर्मेलीनं तोंडावर हात दाबून धरला आणि ती रडली. इतकी, की ती फोन उचलत नाही म्हणून ऑफिसात धावत आलेला काउको दारातच उभा राहिला, हातात सॉसेजचा चिमटा तसाच, आणि परत गेला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रविवारी हॉस्पिटलात विल्यो उशीला टेकून बसला होता, गालांवर थोडा रंग आलेला. इर्मेलीनं बाजारातून कालाकुक्को आणला होता, आत मासे भाजलेली ती जाड काळी पोळी. तो तुकडे मोडून मोडून खात होता.

"मी कुणाला हाका मारल्या नाहीत," तो म्हणाला. "बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. म्हटलं, झालं, इर्मेलीनं लिहिलंय, आता येतील. पडून राहिलो. सौना विझत होता त्याचंच वाईट वाटत होतं."

त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. ॲम्ब्युलन्स उशिरा आली ती सणाच्या गर्दीमुळे, असं नर्सनं आपल्या मनानं सांगून टाकलं होतं. ते तसंच राहू देणं सोपं होतं. इर्मेलीनं खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, गर्दी नव्हती. तुझी मदत दीड तास फ्लॅटच्या दारात उभी होती. पत्ता जुनाच होता. माझी चूक."

विल्योनं चावणं थांबवलं. "तू तर म्हणाली होतीस, बदलला म्हणून."

"म्हणाले होते."

"डोळ्यांनी बघितला म्हणालीस."

"बघितला होता."

"मग?"

"तो फक्त मला दिसत होता, बाबा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. निदान एखादी शिवी, आईचं नाव, चुलीतलं लाकूड. पण हातातला तुकडा त्यानं ताटलीत ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. तिथून तळं दिसत नव्हतं, नुसतं पार्किंग होतं.

"तो कुत्र्याचा पट्टा," तो शेवटी म्हणाला, "अजून तुझ्याकडेच आहे ना? येताना घेऊन ये."

दोन वर्षं ती या एका वाक्यासाठी झगडली होती. "आणते," ती म्हणाली, आणि त्याच्या पांघरुणावर पडलेले चुरे एकेक करून वेचू लागली.